उतरणं

उथळसरला पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस.
दुपारी ज्वारी दळायला लागली की टेबल थरथरतं
आणि किसुमूहून अकिन्यी विचारते,
तुमच्याकडे भूकंप होतोय का?
मी म्हणते, नाही, भाकरी होते आहे.

माझी नोकरी यादीची.
माणसाच्या हातात फोन आला की माणसाचं काय होतं
हे आफ्रिकेत कोण कोण अभ्यासतंय:
नाव, गाव, विषय, चालू पत्ता.
घरी हे काम धड समजावता आलं नाही.
मावशी पाहुण्यांना सांगते, ती बँकेत असते.

अकिन्यी मोजते, होडी काठाला लागायच्या आत
किती मासेवाल्यांना भाव कळलेला असतो.
चिलुफ्या लुसाकात दारोदार विचारते,
घरात फोन एक, तर रात्री तो कुणाच्या उशाशी?
गुलूचा ओकेलो बसतो एका टपरीवर,
वीज नसलेल्या वस्त्यांचे फोन
जिथे पैसे देऊन चार्ज होतात,
आणि वहीत लिहितो, न्यायला कोण आलं,
कोण आलंच नाही.
डाकारची सोखना ऐकते बायांचे आवाजी निरोप,
त्यांची परवानगी घेऊन,
हे ती प्रत्येक पत्रात न चुकता लिहिते.

चौघांचा प्रश्न जवळपास एकच,
आणि चौघांनाही वाटायचं, आपण एकटेच खुळे.

चिलुफ्या सांगते, तिच्या वडिलांच्या काळी
शेजारच्या देशात फोन लावला
तर तो आधी लंडनला हात लावून यायचा.
आम्ही दोघी हसलो होतो त्यावर.
तीन वर्षांनी, मार्चअखेरीला अहवाल लिहिताना
ते हसू घशात अडकलं.
ओकेलोचं पत्र लुसाकाला जाताना
आता उथळसरला हात लावून जात होतं.
मी पुढे धाडणार, मी ओळख करून देणार,
'प्रिय सर्वांनो' मीच लिहिणार.
जाळं तयार, असं टाइप केलं होतं मी.
जाळं कसलं, छत्री होती ती.
दांडा माझ्या मुठीत.

आबा टेलिफोनमध्ये लाइनमन होते.
नौपाड्यातल्या खांबांना त्यांनी नावं ठेवलेली,
एक कलता, एक मधमाश्यांचा, एक वर्तकांच्या खिडकीचा.
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी,
तारांचे रंग मला पाढ्यांच्या आधी पाठ.
वर चढून, जोड देऊन, कानाला फोन लावून
ते फक्त म्हणायचे, 'हॅलो, टेस्टिंग.'
पलीकडून आवाज आला की खाली.
लोक काय बोलतात ते ऐकता का हो, मी विचारलं एकदा.
चपला घालून झाल्यावरच उत्तर दिलं त्यांनी:
'जोडून झालं की उतरायचं.
ऐकत बसलं की पाय आखडतात.'

एप्रिलमध्ये मी उतरायला लागले.
सगळे पत्ते सगळ्यांना दिले,
यादीत खाडाखोड करायची मुभासुद्धा.
पहिला आठवडा कुणी कुणाला लिहिलं नाही.
दुसऱ्यात सोखनानं मलाच विचारलं, काही चुकलं का?
लांब उत्तर लिहिलं, पुसलं,
लिहिलं, चिलुफ्याशी बोल.
साठे सरांनी आलेखावर पेन्सिल टेकवली,
हा एकदम खाली का आला?
म्हटलं, सर, मी खाली आले.
त्यांनी समोरच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं.

काल चुकून एक पत्र माझ्याकडे आलं.
ओकेलोचं, अकिन्यीला.
देश दोन, पण बोली मावसबहिणी निघाल्या,
हे त्यांना परस्पर कळलेलं, मला नाहीच.
लांबलचक पत्र. मधे आकडे,
एका जागी हसण्याचे सहा-सात 'हा',
आणि अगदी शेवटी माझं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
माझं नाव!
भाषांतराचं बटण बोटाखालीच होतं.

खाली गिरणी सुरू झाली. टेबल हललं.
मी पायांनी चाचपत
टेबलाखालच्या चपला शोधल्या.